औषधाने प्रथिन अडवायचे की मोडून घ्यायचे? पेशीच्या विकरांना कामाला लावणाऱ्या दुमुखी रेणूंविषयी

सूक्ष्मदर्शी (धागालेखक)

कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरवास्टॅटिन घेणाऱ्या माणसाच्या यकृतात एक विचित्र गोष्ट घडते. हे औषध कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, खाचेत जाऊन बसते आणि त्याचे काम अडवते. काम अडले आहे हे पेशीला जाणवले की ती तेच विकर पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात तयार करू लागते. औषधाचा उपयोग तरीही होतो, कारण टंचाई भासलेले यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेते. मात्र आपल्या बहुतेक औषधांची एक मर्यादा या उदाहरणात उघड दिसते. अडवलेले प्रथिन जागच्या जागी उभे असते, औषध उतरले की पुन्हा कामाला लागते, आणि ज्या प्रथिनाला औषध बसेल अशी खाचच नाही त्याच्यापुढे ही पद्धत हात टेकते. अनेक कर्करोगांच्या मुळाशी असलेली, जनुके चालू-बंद करणारी प्रथिने बहुतांशी या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

मग प्रथिन अडवण्याऐवजी ते पेशीतून नाहीसेच केले तर? त्यासाठी बाहेरून काही यंत्रणा आणावी लागत नाही. नको असलेली प्रथिने मोडण्याची व्यवस्था आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि तिचा उलगडा केल्याबद्दल आरन सिखॅनोव्हर, अव्रम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वनखाते तोडायच्या झाडावर हातोड्याने ठसा मारते आणि तोडणारी टोळी ठसा पाहून झाड पाडते, तसा हा प्रकार आहे. येथे ठसा म्हणजे युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. तीन विकरे ते हातोहात पुढे देतात. पहिले, ई-१, ऊर्जा खर्चून त्याला सक्रिय करते. दुसरे, ई-२, ते वाहून नेते. तिसरे, ई-३ लिगेझ, कोणत्या प्रथिनावर ठसा मारायचा ते ठरवते. माणसात ई-१ दोन, ई-२ सुमारे ४० आणि ई-३ मात्र ६०० हून अधिक आहेत, यावरूनच निवडीचा खरा अधिकार कोणाकडे आहे ते समजावे. युबिक्विटिनची साखळी लागलेले प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते, उलगडले जाते आणि त्याचे बारीक तुकडे होतात. युबिक्विटिन मात्र आधीच सोडवून घेतले जाते आणि पुन्हा वापरात येते.

२००१ मध्ये कॅथलीन साकामोटो, येल विद्यापीठाचे क्रेग क्रूज आणि कॅलटेकचे रेमंड देशाइज यांनी एक दुमुखी रेणू प्रसिद्ध केला आणि त्याला प्रोटॅक असे नाव दिले. त्याचे एक तोंड ओव्हॅलिसिन या बुरशीजन्य पदार्थाचे होते आणि ते मेटॅप-२ या प्रथिनाला धरत असे. दुसरे तोंड एका ई-३ लिगेझला ओळखू येणाऱ्या छोट्या पेप्टाइडचे होते. त्या लिगेझचा मेटॅप-२ शी एरवी काहीही संबंध नव्हता. झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात हा रेणू टाकल्यावर दोघे शेजारी आले, मेटॅप-२ वर ठसा लागला आणि ते मोडले गेले. इंग्रजीत अशा रेणूंना ग्रीक पुराणातल्या मिश्र प्राण्याचे नाव देतात. मला मात्र आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला, एका धडाचा आणि दोन चोचींचा गंडभेरुंड जवळचा वाटतो.

या कल्पनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी की प्रथिनावर एकदा ठसा लागला की प्रोटॅक मोकळा होतो आणि पुढचे प्रथिन धरतो. म्हणजे तो स्वतः जवळपास विकरासारखाच वागतो, आणि त्याचा एक रेणू एकामागून एक अनेक प्रथिने संपवू शकतो. अडवणाऱ्या औषधाला प्रत्येक प्रथिनामागे एक रेणू सतत बसवून ठेवावा लागतो. हिशेबातला हा फरक साधा नाही.

---

द्राक्षवेल

सर, मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. विज्ञान शाखेची पदवी घेतली, परंतु पुढे बागेतच रमलो. आपला लेख वाचताना एक जुनी आठवण झाली. फळछाटणीनंतर आम्ही फुलोऱ्यापूर्वी जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, फवारतो आणि मणी धरल्यावर घड त्याच्या द्रावणात बुडवतो. एका चर्चासत्रात तज्ज्ञांनी सांगितले होते की जीए वेलीला थेट वाढवत नाही, तर वाढ रोखून धरणारे एक प्रथिन नष्ट करवतो. त्या वेळी ते बोलणे कानावरून गेले. आपण लिहिता तोच हा प्रकार आहे का?

---

सूक्ष्मदर्शी

तोच प्रकार आहे, आणि आपण हे विचारले याचा मला फार आनंद झाला. वाढ रोखणाऱ्या त्या प्रथिनांना डेला म्हणतात. जिबरेलिन जिड-१ या ग्राहक प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटले की ती जोडी डेलाला धरते, एक ई-३ लिगेझ तिथे येते, डेलावर युबिक्विटिन लागते आणि प्रोटिअसोम त्याची विल्हेवाट लावतो. पायातली बेडी गळून पडल्यावर देठ लांबतो आणि मणी फुगतो. म्हणजे ॲसिटोनमध्ये भुकटी विरघळवून घड बुडवणारा आपल्याकडचा प्रत्येक बागायतदार अनेक वर्षे लक्ष्यित प्रथिन विघटनच करत आला आहे!

याची दुसरी बाजू गव्हात आहे. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात जे जनुक आले, ते अशा बदललेल्या डेलाचे आहे की ज्याला जिबरेलिनची यंत्रणा ओळखत नाही. ते मोडले जात नाही, त्यामुळे ताट आखूड राहते आणि खत घालूनही लोळत नाही. हे जनुक नेमके कोणते, याचा उलगडा १९९९ मध्ये झाला. पीक त्याआधी तीन दशके शेतात उभे होते.

---

तळटीप

एक दुरुस्ती आवश्यक वाटते. जिबरेलिन आणि प्रोटॅक यांना एकाच पंक्तीत बसवणे पूर्णतः बरोबर नाही. जिबरेलिन जिड-१ च्या खाचेत खोलवर बसते, खाचेवरचे झाकण मिटते, आणि डेला येऊन टेकते ते त्या झाकणावर. जिबरेलिन स्वतः डेलाला स्पर्शही करत नाही.

तुलना करायचीच असेल तर ऑक्सिन या वनस्पतींच्या संप्रेरकाची करावी. २००७ मध्ये निंग झेंग यांच्या गटाने त्याची स्फटिकरचना दाखवली. टीर-१ हा लिगेझचा भाग आणि मोडले जाणारे प्रथिन यांच्यामध्ये ऑक्सिन असे बसते की दोघांमधली पोकळी भरून निघते आणि ती एकमेकांना घट्ट धरतात. अशा पदार्थांना आता आण्विक गोंद म्हणतात. प्रोटॅकला दोन तोंडे आणि मध्ये एक साखळी असते. गोंद एकसंध आणि लहान असतो, आणि त्याला बहुधा दुसऱ्या प्रथिनाची स्वतंत्र ओळखही नसते.

द्राक्षवेल यांना यातले एक उदाहरण नकोसे परिचयाचे असेल. शेजारच्या उसात तणासाठी टू-फोर-डी फवारले आणि वारा बागेकडे वळला, की वेलीची पाने पंख्यासारखी आक्रसतात. टू-फोर-डी हे ऑक्सिनची नक्कल करणारे तणनाशक आहे. ते त्याच पोकळीत बसते, तीच प्रथिने मोडायला लावते आणि थांबायचे नावच घेत नाही.

---

द्राक्षवेल

तो अनुभव दोनदा घेतला आहे. शेजारी नात्यातलेच असल्यामुळे तक्रार करणेही जड जाते. कारण कळले, याचेच समाधान मानतो.

---

अर्धवट_रसायन

मी हैदराबादेत करारावर संशोधन करणाऱ्या कंपनीत औषधी रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करतो आणि गेली काही वर्षे असे दुमुखी रेणू प्रत्यक्ष बनवतो आहे. धाग्यात कल्पनेचे सौंदर्य छान आले आहे, म्हणून बाकावरची बाजू मांडतो.

दोन्ही टोके तयार मिळतात. लक्ष्य प्रथिनाला धरणारे टोक बहुधा जुन्याच एखाद्या अवरोधक औषधावरून घेतात आणि लिगेझला धरणारे टोक सहाशेंपैकी दोघांपुरते असते: सेरेब्लॉन आणि व्हीएचएल. बाकीच्या लिगेझांना नीट धरणारे लहान रेणू फार थोडे आहेत. खरे रामायण मधल्या साखळीत, म्हणजे लिंकरमध्ये, घडते. ती दोन कार्बनांनी लांबवली तर विघटन सुरू होते, आणखी दोनांनी लांबवली तर बंद पडते, आणि मऊ साखळीच्या जागी पिपराझिनचे ताठ वलय घातले की सगळा क्रमच बदलतो. कारण साखळीचे काम दोन टोके नुसती जोडून ठेवण्यापुरते नसते. लक्ष्य प्रथिन आणि लिगेझ एकमेकांना कोणत्या कोनातून भिडतील, आणि प्रथिनावरील लायसिन नावाचे एखादे अमिनो आम्ल ई-२ च्या हाताशी येईल का, हे तिच्यावर ठरते. युबिक्विटिन लायसिनलाच जोडले जाते; लायसिन पाठ करून बसले असेल तर कितीही घट्ट पकड काही कामाची नाही.

याचा उत्तम दाखला डंडी विद्यापीठातील अलेसिओ चुल्ली यांच्या गटाने दिला. त्यांचा एमझेड-१ हा रेणू ज्या टोकापासून बनवला होता, ते टोक बीआरडी-२, ३ आणि ४ या तिन्ही भावंड प्रथिनांना जवळपास सारखेच धरते. तरी एमझेड-१ मुख्यतः बीआरडी-४ मोडतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत कारण दिसले. बीआरडी-४ आणि व्हीएचएल यांच्या पृष्ठभागांची आपसातही चांगली जुळणी होते आणि त्या जुळणीने प्रथिन, प्रोटॅक आणि लिगेझ यांचे त्रिकूट टिकते. निवड पकडीतून येते असे आम्ही शिकलो होतो. येथे ती शेजारातून आली.

आता एक कबुलीजबाब. माझ्या पहिल्या प्रकल्पात आम्ही चाळीसेक रेणू बनवले आणि सर्व एकाच, बऱ्याच जास्त, सांद्रतेला तपासले. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे पेशीत प्रथिन किती आहे ते पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, लक्ष्य प्रथिनाची पट्टी जशीच्या तशी. सहा महिन्यांनी रेणू निकामी ठरवून बाजूला ठेवले गेले. पुढे एका नव्या सहकारी मुलीने त्यांतले दोन पुन्हा काढून शंभरपट पातळ करून तपासले, तर पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली. आमची चूक अशी, की दुमुखी रेणूंची गर्दी झाली की काही रेणू फक्त लक्ष्याला चिकटतात आणि काही फक्त लिगेझला. दोघांना एकाच वेळी धरणारा कोणी उरत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, हा औषधशास्त्राचा पहिला धडा येथे एका मर्यादेनंतर उलटा वाचावा लागतो.

---

शंकेखोर

आपले प्रथिन खरोखर प्रोटॅकमुळेच गेले, हे तुम्हाला कसे समजते? पेशी मरू लागली तरी प्रथिने कमी होतात. पेशीने त्या प्रथिनाचे उत्पादनच थांबवले असू शकते. पट्टी दिसेनाशी होणे हा पुरावा मला अपुरा वाटतो.

---

अर्धवट_रसायन

शंका अगदी योग्य आहे आणि आमच्याकडे त्यासाठी ठरलेल्या तपासण्या आहेत. व्हीएचएल धरणाऱ्या टोकातील हायड्रॉक्सिप्रोलिनच्या एका हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलटवली की रेणूचे वजन, आकार, विद्राव्यता सर्व तेच राहते, मात्र लिगेझला तो धरता येत नाही. असा मुका जुळा भाऊ पेशीत टाकल्यावर प्रथिन टिकले पाहिजे. प्रोटिअसोम आधी बंद केला तरीही ते टिकले पाहिजे. लिगेझला धरणारे सुटे टोक भरपूर प्रमाणात टाकून जागा अडवली तरीही टिकले पाहिजे. शिवाय ज्यावरून ते प्रथिन तयार होते त्या आरएनएची पातळी पूर्वीइतकीच आहे ना, हेही पाहतो. यांपैकी एकही तपासणी नसलेला शोधनिबंध मी बाजूला ठेवतो, तो कितीही मोठ्या नियतकालिकात आलेला असो.

---

मध्यरात्र

मी शास्त्र शाखेची नाही, तरीही एक प्रश्न विचारते. माझ्या आईला मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आहे. तिला बोर्टेझोमिबचे इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन असे एकत्रित उपचार चालू आहेत. वाचनात आले की लेनालिडोमाइड काही प्रथिने प्रोटिअसोमकडून मोडून घेते आणि बोर्टेझोमिब प्रोटिअसोमच बंद करते. मग एक औषध दुसऱ्याच्या पायावर धोंडा टाकत नाही का? डॉक्टरांच्या खोलीबाहेर पन्नास माणसे उभी असतात, तिथे हे विचारण्याचा धीर झाला नाही.

---

सूक्ष्मदर्शी

ताई, आपल्या प्रश्नातल्या विरोधाचे उत्तर या क्षेत्रातील डॉक्टर देतील तर बरे. मी फक्त लेनालिडोमाइडची पूर्वपीठिका सांगतो, कारण तिच्याशिवाय हा विषय अपुरा राहतो.

तिचे मूळ थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये ते पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून बाजारात आले आणि गर्भवतींनीही घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत जगभरात १० हजारांहून अधिक मुले आखूड किंवा अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली, त्यामुळे त्या काळात तिथे ते रीतसर विक्रीला आलेच नाही. इतके होऊनही हे औषध शरीरात नेमके कशाला चिकटते, हे कळायला २०१० साल उजाडावे लागले. जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटाने दाखवले की ते सेरेब्लॉनला चिकटते, आणि सेरेब्लॉन हा एका ई-३ लिगेझचा भाग आहे. २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की लेनालिडोमाइड चिकटलेले सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस ही प्रथिने धरू लागते, जी ते एरवी धरत नाही. मायलोमाच्या पेशींना ती दोन्ही जगण्यासाठी लागतात. २०१८ मध्ये थॅलिडोमाइडच्या लक्ष्यांत सॅल-४ हे प्रथिनही सापडले. त्याच्या जनुकातील जन्मजात दोषाने होणारी व्यंगे थॅलिडोमाइडच्या व्यंगांशी मिळतीजुळती आहेत. उंदरांवर या औषधाचा तसा परिणाम होत नाही, कारण उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळे आहे.

म्हणजे ज्याला आज आण्विक गोंद म्हणतात, असे औषध आपण अर्धशतकाहून अधिक काळ वापरत होतो, आणि ते काय करते हे कोणाला ठाऊक नव्हते. प्रोटॅक बनवणाऱ्यांनी पुढे याच कुळातील रेणू उचलून आपल्या दुमुखी रेणूचे एक तोंड केले.

---

रक्तघटक

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. मध्यरात्र यांनी विचारलेला प्रश्न आमच्या शिकाऊ डॉक्टरांनीही अनेकदा विचारला आहे, त्यामुळे संकोच बाळगू नये.

प्रयोगशाळेत, पेशींतील प्रोटिअसोम पूर्णपणे बंद केला तर लेनालिडोमाइडमुळे होणारे इकारोसचे विघटन थांबते. कागदावरचा विरोध त्या अर्थाने खरा आहे. मात्र रुग्णाच्या शरीरात बोर्टेझोमिब प्रोटिअसोमला कायमचा बंद करत नाही. इंजेक्शननंतर त्याचे काम काही प्रमाणात अडते आणि सुमारे तीन दिवसांत पूर्ववत होऊ लागते. इंजेक्शन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा असते. लेनालिडोमाइडची गोळी चक्रातील ठरलेल्या दिवसांत रोज असते. त्यामुळे दोघांनाही आपापले काम करायला वेळ मिळतो. शिवाय मायलोमाची पेशी प्रतिपिंडासारखी प्रथिने ढिगाने तयार करते, त्यामुळे कचरा थोडा जरी तुंबला तरी तिचा जीव गुदमरतो. निरोगी पेशीला तेवढे जड जात नाही.

आता तर्कापेक्षा मोठी गोष्ट. अमेरिकेत याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन एवढेच घेतलेल्या रुग्णांचा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ३० महिने होता. त्यात बोर्टेझोमिब जोडलेल्यांचा ४३ महिने. एकूण आयुष्याचा मध्यक काळही ६४ वरून ७५ महिन्यांवर गेला. हे आकडे सरासरी प्रकारचे आहेत, आपल्या आईंच्या बाबतीतील निर्णय त्यांच्या डॉक्टरांशीच बोलून घ्यावेत. एक मात्र आवर्जून सांगतो: या गोळ्या घरातील कोणीही गर्भवती, किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने हाताळू नयेत.

---

मध्यरात्र

मनापासून आभार. गोळ्यांची डबी आजवर वहिनी भरत होती. आजपासून ते काम माझ्या भावाकडे देते.

---

पेट्रीडिश

मी युरोपात पेशीविज्ञानात संशोधन करते आहे. औषधाच्या चर्चेत एक पोटविषय राहून जातो, तो जोडते. आमच्यासारख्यांना रुग्ण बरा करायचा नसतो; एखादे प्रथिन नसले तर पेशीचे काय होते एवढेच पाहायचे असते. त्यासाठी लहान रेणूऐवजी थेट विकराचाच तुकडा वापरता येतो.

२०११ मध्ये बाझेल येथील गटाने फळमाशीतील लिगेझचा एक भाग घेऊन त्याला, हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाला ओळखणारे छोटे प्रतिपिंड जोडले. आता ज्या प्रथिनाला जीएफपीचे शेपूट लावाल ते मोडले जाते. २०१७ मध्ये डीन क्लिफ्ट, मेलिना शुह आणि सहकाऱ्यांनी ट्रिम-अवे ही पद्धत दिली. ट्रिम-२१ हे ई-३ लिगेझ पेशीत शिरलेल्या प्रतिपिंडाला पकडते, आणि विषाणूला चिकटून प्रतिपिंड आत आले की विषाणूही त्याबरोबर मोडला जातो. हीच सवय वापरून, हव्या त्या प्रथिनाविरुद्धचे बाजारात मिळणारे प्रतिपिंड उंदराच्या अंडपेशीत टोचले, तर ते प्रथिन थोड्या वेळात नाहीसे होते. अंडपेशीत जनुक बंद करून उपयोग होत नाही, कारण साठवलेले प्रथिन दीर्घकाळ टिकते. म्हणून ही पद्धत त्या क्षेत्रात वरदान ठरली. आणि तळटीप यांनी उल्लेख केलेले ऑक्सिन? २००९ पासून आम्ही भाताच्या रोपातील टीर-१ माणसाच्या पेशीत बसवतो, लक्ष्य प्रथिनाला ऑक्सिनची खूण जोडतो आणि ताटलीत ऑक्सिनचा थेंब टाकतो.

पेशीच्या बाहेर असलेल्या प्रथिनांना मात्र प्रोटिअसोम लागू पडत नाही. त्यांच्यासाठी कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०२० मध्ये लायटॅक आणले. त्याचे एक टोक बाहेरील प्रथिनाला धरते आणि दुसरे पेशीच्या पृष्ठभागावरील अशा ग्राहकाला, जो मालासकट आत जाऊन तो लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, पोहोचवतो. तिथली विकरे उरलेले काम करतात.

---

शंकेखोर

हे सर्व आपल्यासारख्यांच्या पेशींसाठी झाले. जिवाणूंत युबिक्विटिन नसते. मग आपल्या देशाला सर्वांत छळणाऱ्या क्षयासाठी या विद्येचा काय उपयोग?

---

पेट्रीडिश

युबिक्विटिन नसले तरी प्रथिने मोडण्याची यंत्रे जिवाणूंकडेही आहेत. त्यांतले एक क्लिप-सी व क्लिप-पी या जोडीचे. २०२२ मध्ये व्हिएन्नातील गटाने याच यंत्राकडे प्रथिन थेट ओढून नेणारे बॅकप्रोटॅक बनवले, त्यामुळे मधल्या ठशाची गरजच उरली नाही. क्षयाच्या जिवाणूच्या कुळासाठी त्यांनी सायक्लोमॅरिन या समुद्री जिवाणूजन्य पदार्थावर आधारित टोक वापरले, कारण ते क्लिप-सी-१ ला धरते. हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे. क्षयाच्या जिवाणूचे मेणचट आवरण ओलांडून एवढा मोठा रेणू आत नेणे हीच त्यातली जड बाजू.

---

शंकेखोर

२००१ पासून आजवर एवढा गाजावाजा झाला, कंपन्यांनी पैसा ओतला. रुग्णाच्या हाती काय आले, ते कोणी स्पष्ट लिहील का?

---

अर्धवट_रसायन

लिहितो, आणि घासून-पुसून न लिहिता. पहिला प्रोटॅक, प्रोस्टेट कर्करोगासाठीचा, २०१९ मध्ये माणसाला दिला गेला. क्रूज यांनी स्थापन केलेल्या आर्व्हिनास कंपनीचा तो रेणू होता. मधली अठरा वर्षे कोठे गेली याचे उत्तर आकारात आहे. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रेणूभार साधारण ५०० च्या आत असावा असा आमचा जुना दंडक. प्रोटॅक सहसा ७०० ते १००० मध्ये असतो. आतड्यातून रक्तात जाताना आणि पेशीच्या पटलातून आत शिरताना तो अडखळतो. पेप्टाइडचे टोक काढून लहान रेणूंची टोके येईपर्यंत २००८ उजाडले, व्हीएचएलचे चांगले टोक २०१२ मध्ये मिळाले आणि २०१५ मध्ये एकाच वर्षी अनेक गटांचे प्रभावी रेणू आले.

सर्वांत पुढे पोहोचलेल्यांपैकी एक म्हणजे त्याच कंपनीचे व्हेपडेजेस्ट्रंट. स्तनाच्या कर्करोगातील इस्ट्रोजेन ग्राहक मोडणारी ही रोजची गोळी. २०२५ मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तुलना फुलवेस्ट्रंटशी होती. गंमत अशी की २००२ मध्ये मान्यता मिळालेले फुलवेस्ट्रंटही तोच ग्राहक अस्थिर करून घालवते, फक्त दुमुखीपणाशिवाय, आणि त्याची इंजेक्शने कमरेखाली स्नायूत घ्यावी लागतात. ग्राहकाच्या जनुकात उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळीवर ५ महिने आणि इंजेक्शनवर २.१ महिने निघाला. सर्व रुग्ण एकत्र धरल्यास फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. माझ्या मते हा विजय आहे, परंतु ज्या थाटात या विद्येची जाहिरात झाली त्या मानाने लहान.

मला स्वतःला दुसरे एक उदाहरण अधिक आशादायक वाटते. बीसीएल-एक्सएल हे प्रथिन अडवणारे नॅव्हिटोक्लॅक्स रक्तातील प्लेटलेट्सनाही मारते, कारण त्यांचे जगणेही त्याच प्रथिनावर असते. २०१९ मध्ये फ्लोरिडातील गटाने त्याच टोकाला व्हीएचएलचे टोक जोडले. प्लेटलेट्समध्ये व्हीएचएल फार कमी असते, म्हणून तिथे प्रथिन मोडणारे कोणी नाही. अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशीत मात्र आहे. सहाशे लिगेझांपैकी कोणते लिगेझ कोणत्या ऊतीत असते याचा नकाशा हाती आला, की विषारी म्हणून टाकून दिलेल्या अनेक जुन्या औषधांना पुन्हा विचारता येईल. माझा पैसा या बाजूवर आहे. दुसरीकडे, लिगेझ गमावलेली कर्करोग पेशी अशा औषधाला जुमानत नाही, हेही मायलोमात सेरेब्लॉनच्या बाबतीत दिसून आले आहे.

---

द्राक्षवेल

चर्चा फार वर गेली, तरी शेवटी बागेतलाच प्रश्न विचारतो. अर्धवट_रसायन यांनी लिहिले की मात्रा जास्त झाली तर परिणाम उलट कमी होतो. आमच्याकडे जीए जास्त झाला तर असे होत नाही. देठ जाड व कडक होतो, मण्यांची गळ होते, पुढच्या वर्षी घड कमी येतात. म्हणजे परिणाम अतीच होतो. हा फरक का?

---

तळटीप

हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. हुक इफेक्ट येतो तो दोन तोंडांमुळे. प्रोटॅकचे एक तोंड डेलासारख्या लक्ष्याला आणि दुसरे लिगेझला स्वतंत्रपणे धरू शकते, म्हणून गर्दीत ती दोघे वेगवेगळ्या रेणूंशी अडकून पडतात. जिबरेलिन डेलाला सुटेपणी धरतच नाही. ते फक्त जिड-१ मध्ये बसते आणि मग जिड-१ डेलाला धरते. कितीही जिबरेलिन ओतले तरी डेला अडवून ठेवणारे कोणी निर्माण होत नाही. सर्व जिड-१ भरले की परिणाम कमाल पातळीला जाऊन तिथेच थांबतो. आपल्याला दिसते ते नुकसान वाढीच्या अतिरेकाचे आहे. ऑक्सिन, टू-फोर-डी, लेनालिडोमाइड यांचेही साधारण असेच.

---

अर्धवट_रसायन

आणि म्हणूनच आमच्यातले निम्मे लोक आता दुमुखी रेणू सोडून गोंद शोधण्याकडे वळले आहेत. गोंद लहान असतो, गोळीत मावतो, हुक इफेक्ट देत नाही. अडचण एवढीच की तो आराखडा काढून बनवणे फार कठीण आहे, बहुधा योगायोगानेच सापडतो.

---

द्राक्षवेल

समजले. सोमवारपासून आमची बुडवणी सुरू होते आहे. मजुरांना हे सांगून पाहीन, परंतु द्रावणाची मात्रा मात्र मोजूनच घालीन.